एका पावसाळ्याचा बोल

"साहेब, पहार सोडू का?"

"कशात?"

"ह्या भेगंत. तुमी फकस्त कान लावा."

"बाई, मला कामं आहेत."

"मलाबी हायेत. तुळजाबाईच्या माळवदावर पाटी तशीच टाकून आल्ते म्या. बगा, सोडली."

गिरिजाबाईनं लोखंडी पहार भेगेत उभी धरली आणि बोटं ढिली केली. पहार सर्रकन खाली गेली. पुरुषाच्या छातीला लागेल एवढी पहार, पण तिचं टोकसुद्धा वर राहिलं नाही. वरच्या टोकाला गिरिजाबाईनं आधीच सुंभ बांधून त्याचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं होतं. लोखंड काही रानात उगवत नाही. तो सुंभही हातभर आत गेला, तेव्हा कुठं तो ताठ झाला.

"आला का आवाज? खाली टेकल्याचा?"

ओव्हरसिअरनं डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. तालुक्याहून सायकलीवर यायचा, उन्हानं नाकाची सालटं निघालेली, आणि मिरगाच्या आत चौदा घरं उभी झाली पाहिजेत असा वरून आकडा आलेला.

"उन्हाळ्यात भेगा पडतातच," तो म्हणाला. "आपण त्या बुजवून घेणार. वर दोन फूट पाया."

"दोन फूट! अवो, उंदीर बी ह्याच्यापेक्षा खोल बीळ करतो. मुरूम लागूस्तोर खणा. न्हाईतर घरं वर गायरानात घ्या, तिथं वीतभर खणलं की मुरूम हाय."

"नकाशात दोन फूट आहे. सगळीकडे एकच नकाशा."

"नकाशा काढणाऱ्यानं काळी पाह्यली का कदी?"

"बाई, तुम्हाला फुकटात घर मिळतंय ना?"

"फुकट मिळतंय म्हून फुटकं घ्यावं का?"

खणणारे गडी हसले. ओव्हरसिअरनं टोपी घातली आणि गड्यांवर ओरडला, कारण बाईवर ओरडून काही उपयोग नव्हता. गिरिजाबाईनं सुंभ ओढून पहार वर काढली, पदरानं पुसली, खांद्यावर टाकली आणि तुळजाबाईच्या माळवदाकडं चालू लागली.

आपल्या मुलखात जमिनीला दोनच नावं. काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीवर राहायचं. काळी उन्हाळ्यात आकसते, गुडघा आत जाईल एवढी फाटते. पावसाळ्यात तीच काळी फुगते, आणि फुगताना अंगावर जे असेल ते उचलते. सारखं उचलत नाही. एक कोपरा उचलते, दुसरा तसाच ठेवते. भिंत मधून फुटते ती त्याच्यानं. ही अक्कल कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, आणि साहेब तर शाळा शिकूनच साहेब झालेला. जमीन मोजली ती पौषात. वावर तेव्हा ओल धरून, अंग मिटून पडलेलं, कसं सारवलेल्या अंगणावाणी. साहेबानं साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या, चहा पिऊन गेला.

हे गाव आष्टीच्या उगवतीला दोन कोसावर, बोरवाडी. ही गोष्ट शहात्तर सालातली. गिरिजाबाईचं वय तेव्हा चाळिसाच्या पुढं, अंगानं वाळक्या शेंगेवाणी, हात मात्र पैलवानाचे. काम माळवदं घालायचं. गावातल्या निम्म्या घरांची मातीची छतं तिच्या हाताखालून गेलेली. आधी सरांवर, म्हणजे छताच्या वाशांवर, लाकडाच्या किलच्या आडव्या मांडायच्या. त्यावर निंबाचा पाला, म्हणजे वाळवी लागत नाही. पाल्यावर मुरूम, मुरमावर पांढरी माती. मग पाणी शिंपडत लाकडी चोपण्यानं ती माती चोपायची, चोपायची, हाताला फोड येऊन फुटेपर्यंत चोपायची. उतार असा ठेवायचा, की पाणी न विचारता पन्हाळीकडं गेलं पाहिजे.

हे काम सासऱ्याचं. सासऱ्याकडून भिवाकडं, तिच्या मालकाकडं आलं. पण भिवानं चार हंगाम परतूरला कापसाच्या गाड्या भरल्या, कापूस छातीत बसला आणि शिडी चढता चढता त्याचा दम उखडायला लागला. तेव्हापासून गिरिजाबाई वर, भिवा खाली. तो माती भिजवायचा, पाटी भरून द्यायचा, शिडी धरायचा.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर गावकुसाबाहेरच्या वाड्यातल्या, म्हणजे गिरिजाबाईच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावाचे सांगावे नेणं सोडलं. माळवदाचं काम तेवढं ठेवलं, कारण हा हुन्नर होता, भीक नव्हती. गावानंही ते ठेवून घेतलं, कारण डोक्यावर गळायला लागलं की बाटविटाळ सुचत नाही. फक्त शिडी बाहेरून लावायची. ज्या घराच्या डोक्यावर गिरिजाबाई आठ-आठ दिवस उभी राहायची, त्या घराच्या उंबऱ्यात तिला पाय ठेवता येत नव्हता. चहा यायचा तो वळचणीत खोचलेल्या, कान तुटलेल्या कपात. तिनं चहा घेणंच बंद केलं. "मला पित्त व्हतं," म्हणायची. घरी दोन वेळा प्यायची, बिलकुल पित्त व्हायचं नाही.

आणि माळवद झालं, की मालकाला समोर उभं करून ती बोल द्यायची: "एक पावसाळा माज्याकडं. गळलं तर सांगा, येऊन चोपून देईन, दाम घेणार न्हाई." हाही सासऱ्याच्या वेळचाच रिवाज. कागद नाही, अंगठा नाही. इतक्या वर्षांत दोनदाच तिला परत जावं लागलं. एकदा घरमालकानं ओल्या माळवदावर कडब्याची गंज रचली म्हणून. दुसऱ्यांदा चूक तिचीच होती, उतार चुकला होता. हे ती आपण होऊन सांगते.

वैशाखात काकासाहेबांच्या माळवदाचा नंबर आला. काकासाहेब म्हणजे गावातला मोठा शेतकरी, दीडशे एकराचा धनी. वाड्याच्या चौदा घरांसाठी सरकारला जमीन दिली ती त्यांनीच. गावात त्यांचं नाव झालं होतं. वाड्यातल्या कैक लोकांनी हात जोडून त्यांना दुवा दिला होता.

दुपारची वेळ. गिरिजाबाई वर, सवण्याच्या कडेची माती काढत होती. सवणं म्हणजे माळवदातलं भोक. त्यातून उजेड आत जातो, धूर बाहेर येतो. आणि आवाज? आवाज विहिरीतून यावा तसा सरळ वर येतो. खाली पाटावर काकासाहेब आणि गावचा ग्रामसेवक जेवायला बसले होते.

"ती भिवाची बायको डोकं खाऊन राह्यली," ग्रामसेवक म्हणाला. "म्हणती, घरं गायरानातल्या मुरमावर बांधा."

"गायरानात माझं खळं हाय. गंज्या हायेत."

"गायरान तसं सरकारचंच म्हणा..."

"मंग सरकारला म्हणावं, ये, गंज्या उचल! अरे, जमीन मागितली, म्या दिली. ओढ्याकाठचं चिबड वावर, पाणी न ओसरणारं. बारा वर्सं तिथं दाणा झाला न्हाई. सरकारनं जमीन मागितली व्हती, पिकणारी मागितली न्हवती."

ग्रामसेवक खोकल्यासारखा हसला. "पन काकासाहेब, घरं तडकली तर?"

"ते सरकार बगंल. माझ्या बापानं तिथं एक डाव गोठा घातल्ता. एका पावसाळ्यात कूड आडवा झाला. बैल मेला असता. तवापसून आमी तिथं जनावर बी बांधत न्हाई."

गिरिजाबाईच्या हातातलं खुरपं थांबलं. बैल. बैलाला नको ती जागा माणसांना. ती सवण्यावर वाकली.

"काकासाहेब, वर ऐकू येऊन राह्यलं. जरा जपून बोला."

खाली भुरका मारल्याचा आवाज मध्येच तुटला. मग काकासाहेबांचा आवाज आला, "गिरजे, तू आपलं काम कर."

"कामच करून राह्यले. माती पडंल खाली. ताटं सरकवून घ्या."

एरवी सवण्याच्या कडेला ती हलक्या हातानं चोपायची. त्या दिवशी तिचा हात हलका पडला नाही. खाली काकासाहेबांच्या बायको सोनूबाई "अगं आमटीत! आमटीत!" म्हणून ओरडत राहिल्या.

संध्याकाळच्या आत तिनं हे वाड्यातल्या घराघरांत सांगितलं. लोकांनी ऐकलं. मान हलवली. पण हातातोंडाशी आलेलं घर कोण लाथाडणार? कुणी म्हणालं, विटांचं हाय, कुडाचं न्हाई. कुणी म्हणालं, सरकारचं हाय, पडू कसं देतील? आणि दिवस आणीबाणीचे, असे की आकाशवाणीवर रोज वीस कलमं, भिंतीभिंतीवर 'कमी बोला, जास्त काम करा', आणि जास्त बोलणाऱ्याला पोलीस गाडीत घालून नेतात अशी बातमी. ग्रामसेवकानं गिरिजाबाईला सरळच सांगितलं, "कोणते दिवस हायेत ठावं हाय ना? मंग तोंड आवर."

सगळ्यात जास्त भांडण भिवाशी झालं. त्यांची खोली सहा हात लांब, पाच हात रुंद. तिच्यात सहा माणसं आणि दोन शेळ्या. पोरगा जालन्याला बांधकामावर; दुसऱ्याची घरं बांधायला. सून सत्यशीला दुसऱ्यांदा बाळंत होऊन वीस दिवस झालेले. तिच्या बाजेला आडोसा म्हणून गिरिजाबाईचं लुगडं बांधलेलं, म्हणजे गिरिजाबाईला नेसायला एकच उरलेलं.

"गिरजे," भिवा भाकर मोडत म्हणाला, "घर कलू दे. कललं तर टेकू देऊ. चार भिंती तरी आपल्या नावावर व्हतील. मी जलमलो त्या दिसापसून ह्या खोलीत हाय. मरायला तरी पाय लांब करायला जागा पायजे."

"अन् भिंत बाळंतिणीवर पडल्यावर टेकू कोणाला देता?"

"तुजं तोंड म्हंजी..."

"माजं तोंड ऱ्हाऊ द्या. मला सांगा, तुमी त्या वावरात माळवद घातलं असतं का? बोल दिला असता का?"

भिवाला खोकला आला. खरा की मुद्दाम, ते गिरिजाबाईला चोवीस वर्षांतही कळलं नव्हतं. लुगड्याच्या पलीकडून सत्यशीला हळूच म्हणाली, "आत्या, मोरी तरी व्हईल हो तिथं." आंघोळीला ती पोरगी पहाटे अंधारात उठायची.

मिरगाला चार दिवस राहिले असताना घरं वाटायला मांडव घातला. चौदा घरं, दहा बाय बाराची, वर मंगळुरी कौलं. चुना असा फासलेला, की डोळे मिटावेत. काल-परवा ज्या भेगांत पहार गिळली जात होती त्या बुजवून वर मुरूम पसरलेला. तालुक्याचे मोठे साहेब जीपमधून आले, बरोबर एक पोलीस. काकासाहेबांना शाल आणि नारळ मिळाला. साहेब म्हणाले, अशी दिलदार माणसं गावोगावी हवीत. काकासाहेबांनी मान खाली घातली, लाजावं तशी.

मग यादी. घरं चौदा, पण नावं पंधरा; कुणी गळलंच तर म्हणून एक जादा. टेबलावर कागद, शाईची गादी, बाजूला ओव्हरसिअर. एकेक नाव पुकारायचं, अंगठा घ्यायचा, कुलपाची चावी द्यायची. सातवं नाव भिवाचं. भिवा उठला. त्याच्यामागं गिरिजाबाई उठली.

भिवाचा अंगठा शाईला लागला, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा. कागदावर काय लिवलं ते वाचून दावा."

ग्रामसेवकानं मोठ्या साहेबांकडं बघितलं. साहेबांनी वाचायला खूण केली.

"घर समक्ष पाहिले. बांधकाम मजबूत असून ताबा मिळाला. तक्रार नाही."

"मजबूत हाय हे कोणी म्हणायचं? बांधणाऱ्यानं का ऱ्हाणाऱ्यानं?"

"बाई, हा नमुना छापीलच असतो," साहेब हसून म्हणाले.

"बराबर हाय. मंग खाली दोन वळी हातानं लिवा. म्या माळवद घालते साहेब. घातलं की मालकाला बोल देते, एक पावसाळा माज्याकडं. गळलं तर फुकट चोपून देते. हे समदं गाव बसलंय, विचारा. तुमीबी तेवढाच बोल द्या. एक पावसाळा. भिंत फुटली तर सरकार बांधून दील. लिवा, अन् घ्या अंगठा."

मागं कुणीतरी म्हणालं, "खरं हाय तिचं." कोण म्हणालं ते बघायला पोलिसानं मान वळवली, तेव्हा सगळेच जमिनीकडं बघत होते.

"सरकार असं लिहून देत नसतं," साहेब म्हणाले. हसू आता अर्धंच राहिलं होतं.

"मी अडाणी, मी देते. सरकार शिकलेलं हाय, त्याला काय अवघड? अन् काकासाहेब, तुमी सांगा की साहेबाला. तुमच्या वडलांचा गोठा कुठं व्हता, अन् त्याचं काय झालं?"

काकासाहेबांनी शालीचा पदर सारखा केला. "बाई जरा अर्धवट हाय, साहेब. घरात बाळंतपण झालंय, झोप न्हाई."

गिरिजाबाईनं ओव्हरसिअरकडं बघितलं. सुंभ ताठ झालेला त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. तो कागदांच्या कडा जुळवत होता. जुळलेल्याच कडा पुन्हा पुन्हा जुळवत होता.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "यादीत नाव यांचं आहे. अंगठा यांचा लागतो. तुम्ही बाजूला व्हा. बोला हो, घ्यायचंय का घर? नाहीतर पुढचं नाव तयार आहे."

आता सगळे भिवाकडं बघत होते. त्याचा काळा अंगठा हवेतच होता. गिरिजाबाईला माहीत होतं, हा माणूस अंगठा देणार. त्याच्या जागी ती असती आणि छातीत कापूस असता, तर तिनंही कदाचित दिला असता.

भिवा दम घेत घेत म्हणाला, "साहेब, म्या खाली शिडी धरतो. वर ती असती. वरून काय दिसतं ते मला दिसत न्हाई. पर ती 'सोड' म्हणल्याबिगर म्या शिडी कदी सोडली न्हाई." आणि त्यानं अंगठ्याची शाई डोक्याच्या केसांना पुसून टाकली.

साहेबांनी त्याच्या केसांकडं बघितलं. मग म्हणाले, "पुढचं नाव."

पुढचं नाव कचरूचं, भिवाच्या चुलतभावाचं. त्यानं गिरिजाबाईकडं न बघता अंगठा दिला आणि चावी घेतली. चौदाच्या चौदा घरांचा ताबा झाला. आकडा पुरा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

भिवाच्या नावापुढं ग्रामसेवक काहीतरी लिहीत होता. "काय लिवलं?" गिरिजाबाईनं विचारलं.

"रीत असती. शेरा मारावा लागतो."

"वाचा."

"सदर कुटुंबास घराची आवश्यकता नाही."

गिरिजाबाईनं कागदावर हात ठेवला. इतका वेळ ती रागावली नव्हती, भांडत होती फक्त. "गरज न्हाई? सहा माणसं, दोन शेळ्या, बाळंतिणीला माझ्या लुगड्याचा आडोसा, अन् गरज न्हाई? ते खोड आदी."

"खोडता येत न्हाई. पेनानं लिवलंय."

"मजबूत बी पेनानंच लिवलंय का?"

पण तोवर जीप चालू झाली होती. धुरळा उडाला तो टेबलावर, कागदांवर, काकासाहेबांच्या नव्या शालीवर बसला. घरी जाताना तिनं भिवाला एकच गोष्ट ऐकवली, "बोलायचंच व्हतं तर महिन्याआदी का न्हाई बोललात? रोज माज्याशी भांडलात ते काय हौस म्हून?" भिवा म्हणाला, "भांडलो म्हूनच समजलं." त्यावर ती आणखीनच चिडली. सत्यशीलेला काय सांगायचं हा प्रश्न दोघांनीही एकमेकांवर ढकलला. शेवटी सत्यशीलेनंच, न विचारता, चूल पेटवून चहा ठेवला आणि कुणाशी बोलली नाही. तिची ती नाराजी बरेच दिवस राहिली. ती रास्तच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजाबाई तातेराव कुंभाराच्या माळवदावर होती. मिरगाच्या आत अजून तीन घरं उरकायची होती. खाली शिडीपाशी कचरू येऊन उभा राहिला. बराच वेळ नखानं शिडीचं साल काढत होता.

"वैनी, राग हाय का?"

"हाय. पर तुज्यावर त्यातला थोडाच."

"मंग घराचं काय करू ते तरी सांगा. बायको कालच सामान नेत व्हती."

गिरिजाबाई माळवदाच्या कडेला आली. सांगावं की नाही, हे तिच्या तोंडावर दिसलं, आणि मग तिनं सांगितलं. "ओढ्याच्या अंगानं चर खण. कंबरंएवढा. घराच्या कडंला पाणी थांबू देऊ नको. झोपायचं ते दाराच्या अंगाला, लेकरं बी तिकडंच. अन् कौल कुरकुरलं, तर भांडं-कुंडं गोळा करत बसू नको, जल्दी भायेर नीघ. हे बाकीच्या तेरा जणांना बी सांग. मी सांगितलं म्हणू नको, न्हाईतर ऐकायचे न्हाईत."

"वैनी, ते शेऱ्याचं म्या तालुक्याला..."

"तू चर खण. शेऱ्याचं मी बगते. सोमवारी आष्टीच्या बाजारातून तशीच म्होरं तालुक्याला जाते."

कचरू गेला. भिवानं भिजवलेल्या मातीची पाटी शिडीवरून वर सरकवली. गिरिजाबाईनं तिच्यात हात घातला, एक मूठ बोटांत फिरवली आणि तोंड वाकडं केलं.

"खडा राह्यलाय हिच्यात. चाळली न्हाई का?"

"चाळली व्हती."

"परत चाळा."

पाटी खाली गेली. तोवर तिनं कालच्या चोपलेल्या मातीवर पाणी शिंपडलं, पदर कमरेला खोचला, आणि पन्हाळीच्या बाजूनं बसून चोपायला लागली.